आतल्या चुलीवरचा मका

"आई, कृपया चुना द्या."

गौरी आणायचा दिवस होता. मी ओटीवर तेरडा निवडत बसले होते आणि आमचे हे झोपाळ्यावर पान जमवत होते. त्यांनी चुन्याची डबी पुढे केली.

"नखभर पुरे ना?"

"चार चमचे," आमची सून म्हणाली.

ह्यांनी डबी मागे घेतली. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना कुणापुढे हात आखडताना पाहिलं नव्हतं, पण चुना म्हणजे त्यांचा जीव की प्राण. "चार चमच्यांत आपली पडवी रंगवून होईल," ते माझ्याकडे बघत म्हणाले. "सांग तिला, पोट जळंल."

"तात्या, खायला नाही, मका शिजवायला हवाय," आतून रवीनं सांगितलं.

"मका? आपल्यात मका कुणी लावला?"

"माणगावातून आणलाय. दोन किलो. कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात मिळाला. पांढरा आहे, खानदेशातला. मस्त आहे एकदम."

रवी माझा एकुलता एक मुलगा. इंजिनीअर झाला, पण कुठली गोष्ट सांगायची आणि कुठली पोटात ठेवायची हे त्याला कधी कळलं नाही. ओटीखाली शेजारची दोन माणसं उभी होती. दिवेलागणीच्या आत सगळ्या वाडीला कळलं, की कासाऱ्यांची मेक्सिकोची सून गौरीला कोंबड्यांचं खाद्य घालणार आहे.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. रवी तेव्हा पुण्याच्या एका गाड्यांच्या कारखान्यात होता. कंपनीनं त्याला दोन वर्षांसाठी मेक्सिकोला पाठवलं आणि त्यानं तिथल्या कचेरीत जाऊन लग्न केलं, मग आम्हाला फोटो पाठवला. मुलीचं नाव अरासेली. फोटो बघून मी तीन दिवस जेवले नाही. चौथ्या दिवशी जेवले, कारण मी अंगणवाडी सेविका, आणि त्या दिवशी अंगणवाडीतली खिचडी चांगली झाली होती.

त्या गणपतीला दोघं पहिल्यांदा घरी आली. आल्या आल्या रवीनं मला परसात नेऊन सांगितलं, "आई, पुण्याची बदली मागायची की तिकडेच राहायचं, ते आम्ही गणपतीनंतर ठरवणार आहोत. या घरात ती पाहुणी राहिली, तर मीपण पाहुणाच होणार. एवढं लक्षात ठेव."

"पाहुणीसारखं कोण वागवतंय तिला?" मी म्हटलं, आणि आत जाऊन तिला बशीसकट चांगल्या कपात चहा दिला. पाहुण्यांच्या कपात. पुढचे चार दिवस तोच कप चालला होता. आम्ही सगळे स्टीलच्या पेल्यातून पीत होतो.

आमच्या भावकीचा गणपती आमच्याकडे बसायचा, कारण स्लॅबचं घर आमचं. पण राज्य थोरल्या जाऊबाईंचं. अनसूयाताई. त्या चार घरं पलीकडे राहायच्या, पण गणपतीचे दिवस आले की आमच्या स्वयंपाकघरात मला विचारून पाणी प्यावं लागे, म्हणजे मी त्यांना विचारून. त्यांचे कायदे लिहिलेले कुठेच नव्हते, पण मोडले की लगेच कळायचे.

आमच्याकडे गौर तिखटाची. माहेरी आलेली लेक ती, तिला मटण लागतं, वडे लागतात. पण शेजारी गणपती, आणि तो शाकाहारी. म्हणून पूजनाच्या दिवशी घरात दोन चुली. आतली गणपतीची, तिच्यावर खीर, मोदक, भाज्या. बाहेर पडवीतली गौरीची, तिच्यावर मटण. आतल्या चुलीवर जे शिजेल ते गणपतीचं, पडवीत शिजेल ते गौरीचं, यात कसलीही तडजोड नाही. नैवेद्याच्या वेळी दोघांच्या मध्ये ताईंचं जुनं लुगडं पडद्यासारखं धरायचं, म्हणजे गौरीच्या ताटात काय आहे ते गणपतीला दिसत नाही. वास जातो तो जातोच, पण वासाबद्दल कायद्यात काही नव्हतं.

आणि नव्या सुनेचा पहिला ओवसा. सुनेनं सूप भरून गौर पुजायची आणि स्वतःच्या हातचा तिखटाचा नैवेद्य दाखवायचा. मग तो पाच सवाष्णी खाणार. ताईंनी आधीच सांगून टाकलं होतं, "करू दे तिला. आपल्यात माणसाला नाय म्हनत नाय कोन. पन हात तिचाच लागला पायजे, दुसऱ्या बाईचा नको. पाच जणींनी पान पुसून खाल्ला, तर सून घरची. नाय तर बघू पुढल्या साली."

पुढल्या साली रवी कुठे असणार होता, हे मला एकटीला माहीत होतं.

म्हणून मी अरासेलीला सोपी वाट दाखवली. "मटण मी करते. तू वर उभी राहून नुसतं ढवळ. हात लागला की झालं."

"नाही आई. मी पोसोले करणार."

रवीनं समजावून सांगितलं. पूजन येतंय पंधरा सप्टेंबरला, म्हणजे त्यांच्या देशाच्या स्वातंत्र्याच्या सणाची संध्याकाळ. त्या दिवशी घरोघरी पोसोले होतं. तिची आईपण करते. मटणाच्या रश्शात फुलवलेला मका, वर कच्चा कांदा, मुळा, कोबी, लिंबू.

"वाटण कशाचं?" मी विचारलं.

"वाटण नसतं. नुसती भिजवलेली लाल मिरची आणि लसूण."

"नारळ?"

"नाही."

"मग त्यात असतं काय?"

"मका असतो ना," रवी म्हणाला. "तसं मूळचं डुकराच्या डोक्याचं करतात. पण ती बकऱ्याची मुंडी चालवून घेईल."

"हे ताईंना सांगू नकोस."

रवी मोबाइल बघायला लागला. म्हणजे सांगून झालं होतं.

तर त्या संध्याकाळी ह्यांच्या डबीतला सगळा चुना मक्याच्या टोपात गेला. अर्धा तास उकळून रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी अरासेलीनं मका पाण्यात घेऊन चोळला, तर सालपटं झराझरा सुटून वर आली आणि आत पांढराशुभ्र दाणा. मी तोंडात बोट घातलं. आमच्या घरात चुन्याची डबी आयुष्यभर होती, पण तिचा हा उपयोग कुणाला माहीत नव्हता. चांगलं केलंस, असं मी तिला म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "ओटा पुसून घे."

मग तिनं सांगितलं, की आता प्रत्येक दाण्याचं टोक नखानं खुडायचं. टोक काढलं तरच दाणा शिजताना फुलासारखा उमलतो.

"प्रत्येक?" ह्यांनी विचारलं.

"प्रत्येक," ती म्हणाली.

बाईचा हात लावायचा नाही, हा ताईंचा कायदा होता. पुरुष मदत करतील ही शक्यता त्यांनी धरलेलीच नव्हती. त्यामुळे रवी बसला, पाठोपाठ आमचे हेसुद्धा बसले, बिनचुन्याचं पान चघळत. दोन किलो मक्यात किती दाणे असतात हे मी कधी मोजलं नाही, पण दोन पुरुष आणि एक बाई सकाळी सहापासून खुडत होती आणि साडेसातला परातीचा तळ दिसू लागला. रवी आणि ती मधूनच त्यांच्या भाषेत काहीतरी बोलायचे आणि हसायचे. एकदा तिनं त्याच्या नाकावर सालपट चिकटवलं.

मी पडवीत वड्यांची कढई घासता घासता बघत होते. सांगते ते खरं सांगते, मला मत्सर वाटला. माझ्या मुलानं तीस वर्षांत मला वाटाण्याची एक शेंग सोलून दिली नव्हती.

बकरा वाडीतच पडला होता आणि आमचा वाटा मुंडीसकट आला होता. पडवीतल्या चुलीशेजारी आणखी एक मांडलेली, एकीवर अरासेलीच्या मटणाचा मोठा टोप, दुसरीवर वड्यांची कढई. मक्याला वेगळं शिजवायचं होतं, तीन-चार तास. तो फुलला की मग मटणात घालायचा. अरासेली टोप घेऊन उभी राहिली.

"आई, हे कुठे?"

"आत ठेव," मी म्हटलं. "त्याला अजून मटण कुठे लागलंय? मटणात जाईपर्यंत तो नुसता मका."

हे मी वाईट मनानं म्हटलं नव्हतं. बाहेर जागा नव्हती, बस. तिनं मक्याला वेगळा डाव मागितला, तोही मी काढून दिला. आतल्या चुलीची तीन भांडी सरकवली आणि तिचा टोप चौथा बसवला.

अकराच्या सुमारास ताई आल्या. मी तेव्हा कोठीच्या खोलीत नारळ काढायला गेले होते. कोठीचं दार अर्धं लोटलेलं होतं, आतून स्वयंपाकघर दिसायचं. अरासेली पडवीत असेल असं मला वाटलं. ताईंनी येऊन चुलीवरची एकेक झाकणं उचलली. भाजी बघितली, वरण बघितलं. मग मक्याच्या टोपाचं झाकण काढलं.

मका फुलला होता. टपोरे पांढरे दाणे, उमलून दुप्पट झालेले, पांढुरक्या दाट पाण्यात रटरटत होते. ताईंच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता, पण दोन्ही डोळे चांगले असते तरी काही फरक पडला नसता. आतल्या चुलीवर पांढरं काहीतरी शिजतंय म्हणजे ती गणपतीची खीर.

"अगो बाय, गूळच नाय घातलान अजून," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

आणि त्यांनी फडताळातून गुळाची ढेप काढली.

मी नारळ हातात घेऊन उभी होते. माझ्या आणि त्या टोपाच्या मध्ये चार पावलं होती. ताई सुरीनं गूळ चिरत होत्या, त्याला चांगला वेळ लागतो. तेवढ्या वेळात माझ्या डोक्यात काय काय आलं ते सगळं मला आठवतं. हा मका मटणात गेला तर पाच बायका काय म्हणतील, ते आलं. वर्षभर पाणवठ्यावर कोंबड्यांच्या खाद्यावरून काय काय ऐकावं लागेल, ते आलं. मका नसला तर मी झटकन वाटण करून त्या मटणाचं आपलं नेहमीचं कालवण करीन, सगळ्या बोटं चाटतील आणि नाव सुनेचं होईल, असंही आलं. आणि सगळ्यात तळाला रवीच्या नाकावरचं ते सालपट होतं.

तीस वर्षं मी अंगणवाडीत पोरांना "खरं बोला" शिकवलं होतं. त्या दिवशी मूग गिळले.

ताईंनी गूळ घातला. वेलची कुटून घातली. वर जायफळ किसलं. वाटी भरून घेतली आणि त्या देवापाशी निघून गेल्या. मी नारळ घेऊन पडवीत आले आणि वड्यांचं पीठ मळायला घेतलं. इतकं मळलं, की ते वडे पुढे रबरासारखे झाले.

आरती झाली. गणपतीला मोदक, भाजी आणि खिरीची वाटी असा नैवेद्य दाखवला. नैवेद्याची वाटी परत टोपात ओतायची आणि मग सगळ्यांना प्रसाद वाढायचा, अशी आमची रीत. तोवर आधी गौरीचं उरकून घ्यावं असं ठरलं. भावकीच्या पंधरा-वीस बायका ओटीवर येऊन बसल्या होत्या. पडदा धरायला दोन पोरी उभ्या राहिल्या.

अरासेली हिरव्या लुगड्यात आत गेली. लुगडं मीच नेसवलं होतं. मक्याचा टोप उचलून ती पडवीत आली आणि मटणाच्या टोपाशेजारी ठेवून तिनं झाकण काढलं. वेलचीचा वास असा भपकन आला, की ओटीवरच्या बायका नाकं वर करून बघायला लागल्या.

"अगो, ती माझी खीर कुठं नेतेस?" ताई मागनं आल्या.

"हा तिचा मका आहे, काकी," रवी म्हणाला. त्यानं डाव बुडवून बघितला. त्याचा चेहरा उतरला. "यात गूळ कुणी घातला?"

"मी घातला. गणपतीची खीर हाय, गूळ नाय तर काय मीठ घालू?"

"ती खीर नाहीये. हा मटणात घालायचा मका आहे."

ताई खाली बसल्या. एखादी बाई ओरडली असती, पण ताई चिडल्या की त्यांचा आवाज खाली यायचा. "म्हंजे मी गणपतीला मटणातला मका दाखवला," त्या म्हणाल्या. "चाळीस वरसात असा कधी झाला नाय. ह्यो टोप आतल्या चुलीवर ठेवलान कोनी?"

सगळ्यांच्या नजरा एकाच बाईकडे वळल्या, आणि ती हिरव्या लुगड्यात उभी होती.

"तिला काय म्हाईत आपली रीत," एक चुलत जाऊ म्हणाली. म्हणजे तिची बाजू घेतल्यासारखं, पण घाव घालणारं.

"म्हाईत नाय तर इचारायचा," ताई म्हणाल्या. "माज्या देवाची चूल बाटवली. हिचा ओवसा मी कसा घेऊ? रवी, तूच सांग. नको. ह्या साली रहू दे."

रवीनं अरासेलीचा हात धरला. मी त्याला जन्मापासून ओळखते. तो रागावला की मान खाली घालायचा, पण आता त्यानं मान ताठ केली आणि माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत भांडण नव्हतं. निरोप घेतल्यासारखं काहीतरी होतं.

"ताई, टोप आत ठेवायला मी सांगितलं," मी म्हणाले.

"तू?"

"हो. तिनं विचारलं होतं. मीच जागा करून दिली."

"मंग मी आली तवा सांगायचा व्हता. व्हतीस कुठं?"

इथे मला थांबता आलं असतं. परसात होते, असं म्हटलं असतं तर कुणी चौकशी केली नसती. "कोठीत होते," मी म्हणाले. "तुम्ही गूळ चिरत होता, ते मला दिसत होतं."

"दिसत व्हता?"

"हो."

"आनि बोलली नायस?"

"नाही."

"का गो?"

भावकीच्या वीस बायका, दोन पडदेवाल्या पोरी, आमचे हे, आणि माझा मुलगा. "फसावं असं वाटलं," मी म्हणाले. "तिचं फसावं, असं वाटलं मला."

रवी सवयीनं बायकोला भाषांतर करून सांगायला लागला आणि अर्ध्यात थांबला.

"समजलं," अरासेली म्हणाली.

आमच्या ह्यांनी खाकरून बाहेर जाऊन पान थुंकलं. ताई माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, आता माझी वरात निघते. पण त्या उठल्या त्या न्यायाधीशासारख्या. त्यांना रागापेक्षा कायदा जास्त प्यारा होता.

"मटनाचा डाव लागलाय काय ह्या टोपाला?"

"नाही. वेगळा डाव मागून घेतला तिनं माझ्याकडून."

"मंग चूल नाय बाटली. गणपतीनं नुसता मका खाल्ला. मका काय, देवाचाच हाय." त्यांनी एक बोट मुडपलं. "वाटी परत टोपात वतली काय कुनी?"

"नाही. अजून देवापुढेच आहे," एक पोरगी म्हणाली.

"मंग टोपातला मका परसाद नाय झाला. मटनात जायला त्याला आडकाठी नाय." दुसरं बोट मुडपलं. "ऱ्हायला गूळ. तो धुवून जाईल."

"कोण धुणार?" रवीनं विचारलं.

ताईंनी माझ्याकडे बोट केलं. "ही धुवंल. एकटी. सात पान्यानं. धुनं म्हंजे रांधनं नव्हं."

मी वर्षातून एकदा नेसायची इरकली साडी कासोट्यापर्यंत खोचली आणि तो टोप घेऊन मागच्या दगडावर बसले. गुळात शिजलेला मका धुतलाय का कुणी? हाताला चिकटतो, हातातून निसटतो, आणि मुंग्यांना कोण निरोप देतं कुणास ठाऊक. पहिल्या पाण्यानंतर मका तांबूसच होता. दुसऱ्या पाण्याला माझे डोळे भरून आले. ते काही मुंग्यांमुळे नव्हतं.

तिसऱ्या पाण्याला अरासेली येऊन शेजारी उकिडवी बसली.

"तू हात लावू नकोस," मी म्हटलं. "ताईंनी एकटीनं सांगितलंय."

"मी मोजते," ती म्हणाली. "तीन."

मी पाणी ओतून दिलं. तिनं कळशीतलं नवं पाणी घातलं. हे मोजण्यात बसतं का, ते मी ताईंना विचारायला गेले नाही.

"आई, मी तिथे होते," ती म्हणाली. तिनं मागच्या दाराकडे बोट दाखवलं. "परसातून पानओवा घेऊन आले. काकी गूळ कापत होत्या. तुम्ही त्या खोलीत. नारळ."

"तू बघितलंस?"

"सगळं."

"मग तू का नाही बोललीस? मका तुझा होता."

ती शब्द शोधत राहिली. तिचं मराठी तेव्हा नवं होतं, एकेक शब्द ती जपून ठेवायची. "मका परत मिळतो," ती म्हणाली. "कोंबडीच्या दुकानात. मी बघत होते, आई बोलते का. टोप उचलला, तेव्हापण."

"आणि आई बोलली नाही."

"नाही. चार."

चौथं पाणी गेलं. पाचव्या पाण्यात मका पुन्हा पांढरा दिसायला लागला. मी विचारलं, "पण मग बोलले ना मी?" माझं मलाच ऐकू आलं, अंगणवाडीतलं एखादं पोर खडू चोरून परत दिल्यावर विचारतं तसं.

"बोललात. उशिरा." ती हसली नाही, पण रागावलेलीही नव्हती. "मी वर गेले. बॅग भरली. पूजा झाली की रवीला सांगणार होते. उद्या पुणे, नंतर विमान. तो हो म्हणाला असता."

"म्हणाला असता," मी म्हटलं. तेवढं मलाही माहीत होतं. "आणि आता गं?"

"आता सहा," ती म्हणाली आणि कळशी वाकडी केली.

पावणेतीनला मका मटणात पडला. तोवर तिनं मिरची-लसणाचं लालभडक पाणी गाळून त्यात घातलं होतं. मुंडीचा रस्सा उतरलेला, मांस हाडावरून सुटलेलं, आणि त्यात ते पांढरे उमललेले दाणे. वर पानओव्याची पानं चुरून टाकली. पडदा धरला गेला, सूप पुजलं गेलं, गौरीला नैवेद्य दाखवला. मग पाच सवाष्णी पानावर बसल्या, मधोमध ताई. प्रत्येकीपुढे खोलगट ताटली, बाजूला कांदा, मुळा, कोबी, लिंबाची फोड. ते सगळं कच्चंच रश्शात घालायचं हे रवीनं समजावलं. दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

ताईंनी पहिला घास घेतला. अरासेली दाराला टेकून उभी होती. मी तिच्या बाजूला.

"गोड लागतंय," ताई म्हणाल्या.

बाकीच्या चौघींनी घास परत ताटलीत ठेवला.

ताईंनी लिंबू पिळलं. दुसरा घास घेतला. एक दाणा दातात धरून चावला, आणि मग रस्सा भुरकला. आमच्याकडे बाई पाहुण्यांदेखत भुरकते, तेव्हा ते प्रमाणपत्रच असतं.

"पन वंगाळ नाय," त्या म्हणाल्या. "मुंडी चांगली उतरवलीन."

शेवटच्या पानावर ती घाव घालणारी चुलत जाऊ होती. ती मक्याचे दाणे एका कडेला सारून नुसतं मटण खात होती. ताईंनी तिच्या ताटलीकडे बघितलं आणि बघतच राहिल्या. तिनं दाणे मोजून मोजून खाल्ले. ताईंनी दोनदा मागून घेतलं. पाचही ताटल्या पुसलेल्या निघाल्या आणि ताईंनी हात धुऊन अरासेलीच्या कपाळाला कुंकू लावलं.

"त्या चुन्याचा काय केलास, ता उद्या माज्या सुनंला शिकव," त्या म्हणाल्या. मग माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाल्या, "आनि तू आता कोठीत जायची असशील तर दार उघडा ठेवून जा."

उरलेलं पोसोले अर्ध्या तासात संपलं. बाहेर पुरुषांची पंगत होती, ती तीनदा वाटी पुढे करून गेली. आमच्या ह्यांना चुन्याचं दुःख होतंच, पण त्यांनीही टोपाचा तळ खरवडून खाल्ला आणि वर म्हणाले, माझा चुना कामी आला.

सगळे जेवणात असताना मी वरच्या खोलीत गेले. बॅग खाटेशेजारी उभी होती, निळी, चेन लावलेली, वर तिचं जाकीट घडी करून ठेवलेलं. मी चेन उघडली आणि कपडे बाहेर काढायला लागले. तिचे कुडते, पँटी, रवीचे शर्ट. माझ्या कपाटाचा वरचा खण मोकळा केला आणि एकेक करून त्यात लावत गेले. जागा पुरेना. माझी तीन लुगडी बाहेर काढली.

पायऱ्यांवर पावलं वाजली आणि रवी दारात आला. त्यानं उघडी बॅग बघितली, खण बघितला.

"आई, ही बॅग कुणी भरली होती?"

"मी," मी म्हणाले.

तो आणखी काही विचारणार होता. मी त्याच्या हातात माझी तीन लुगडी दिली आणि ती दुसरीकडे कुठेतरी ठेवायला सांगितली.